सर्वांत मागे पळणारे सर

मुजावर सर आम्हाला पी.टी. शिकवायचे, आणि मैदानाला फेऱ्या मारताना ते स्वतः नेहमी सगळ्यांच्या मागे असायचे. इतर शाळांतले सर शिट्टी घेऊन मधोमध उभे राहत. हे मात्र आमच्याबरोबर पळत, आणि जी मुलगी शेवटी राहील तिच्या दोन पावलं मागे. सहावीत ती शेवटची मुलगी मीच असायची. अंगानं जाड, लगेच धाप लागायची. एकदा मी कळवळून म्हणाले, "सर, आता मरते मी." मागून आवाज आला, "मरणारं माणूस एवढं बोलत न्हाय. चाल हळूहळू, पण बसू नको."

पुढच्याच आठवड्यात मी आईला गळ घालून डॉक्टरांची चिठ्ठी आणली. सरांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "बरोबर हाय. पळू नको असं लिवलंय. चालू नको असं कुठं लिवलंय?" त्या दिवसापासून मी चालू लागले. दीड महिन्यानं डॉक्टरांनीच पुन्हा पळायला परवानगी दिली.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तीत प्रत्येकीच्या नावापुढे तिला एका फेरीला लागलेला वेळ. पहिली कोण, दुसरी कोण, हे त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "शेजारणीचं बघून काय करणार हाईस? तुझं मागच्या सोमवारचं बघ की."

सातवीत स्कॉलरशिपची परीक्षा आली आणि पी.टी.चे सगळे तास गणिताला गेले. सर मुख्याध्यापिकांकडे दोनदा जाऊन आले. तास काही परत मिळाले नाहीत. मग त्यांनी सकाळी साडेसहाला मैदानावर बोलवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी सायकलवरून घरोघरी फिरले.

आमच्या घरी आले तेव्हा वडील चहा घेत होते. "पोरीला पैलवान करायचीय काय, सर?" त्यांनी हसत विचारलं.

"पैलवान न्हाय, साहेब," सर म्हणाले. "शाळेचा जिना चढली की ही भिंत धरून उभारत्या. बारा वर्षांची हाय."

वडिलांनी कप खाली ठेवला. त्यांना हे माहीत नव्हतं. मी घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि सरांनी पाहिलंय हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "उद्यापासून येईल ती."

आम्ही सात जणी यायचो. थंडीच्या दिवसांत मुरूम इतका गार असे की बुटांतूनही कळायचं. जानेवारीत एकदा मी न थांबता पाच फेऱ्या मारल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "लगेच पाणी पिऊ नको." तरीही मी दिवसभर कुणाला ना कुणाला ते सांगत होते.

आठवीत गेलो तेव्हा सरांची बदली झाली होती, संस्थेच्या गगनबावड्याच्या शाळेत. निरोप समारंभ नाही, काही नाही, सुट्टीतच गेले. नवे सर बॉल देऊन सावलीत पेपर वाचत बसायचे. आम्ही सातही जणी सवयीनं सकाळी मैदानावर जमलो आणि बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिलो. शेवटी शोभा म्हणाली, "आता आलोयच, तर पळूया की." ते चालूच राहिलं.

श्रावणात एके दिवशी फेऱ्या संपवून दप्तरं उचलत होतो, तेव्हा शाळेचे शिपाई शंकरमामा आले. "मुजावर सर आलते," ते म्हणाले. "ऑफिसात काम होतं त्यांचं. फाटकापाशी बराच वेळ उभारले, तुमच्याकडं बघत. मग गेले एसटीला."

आम्ही फाटकाकडे धावलो. रस्ता रिकामा होता. शोभा रडवेली झाली. "हाक का न्हाय मारली त्यांनी?"

"मी म्हटलं की, हाक मारतो," शंकरमामा म्हणाले. "तर नको म्हणाले. हाक मारली तर पोरी थांबतील, म्हणाले."