हिरड्यांच्या मसाल्याची नखं

एकाच दुकानात माणूस बरीच वर्षं राहिला की किस्से तणसाच्या ढिगासारखे साचतात. एक काडी ओढावी, तर चार सोबत येतात! चांद्यात मी दात बसवायच्या दुकानात होतो. काम मसाला कालवायचं. गुलाबी भुकटीत बाटलीतलं लिक्विड टाकलं की कणीक व्हायची, मग ती आपोआप तापून दगडासारखी घट्ट. तिच्याच हिरड्या करायच्या.

*

लिक्विडच्या वासानं डोकं गरगरायचं. आमचे मालक, त्यांना सगळे साहेब म्हणत, बाटली उघडताना नाकाला रुमाल बांधायचे. मी म्हटलं, “साहेब, मले बी एक फडकं द्या ना जी.”

“तुले कायले? तुले सवय आहे!”

आता सांगा, सवयीनं नाक काय लोखंडाचं होते?

*

गोपाळा नाटकमंडळीत राणीचं काम करायचा. तेव्हा बायांची कामंही गडीच करत. दिवसा धानाच्या बांधीत चिखल तुडवायचा, त्यानं नखं पार झिजलेली. दात दाखवायला आला आणि कवळी बघून म्हणाला, “साहेब, याची नखं नाई होनार काय?”

साहेबांचे डोळे चमकले! त्याची नखं कानशीनं खरवडली, वर मसाला लिंपला. मसाला तापला तसा गोपाळा उठला, “भाजून राह्यलं ना जी!”

“बस खाली! राणी व्हाचं हाय ना?”

*

नाटकात राणीच्या हातांचीच चर्चा! पण दुसऱ्यांदा नखं लावली तशी बोटं सुजली, खाजवून खाजवून लाल.

साहेब म्हणाले, “धानाचं पातं लागलं असन.”

गोपाळा म्हणाला, “पातं त मले जन्मापासून लागते साहेब. सूज आत्ताच काऊन आली?”

साहेबांनी कानस उचलली.

*

एकदा साहेबांच्या बाईसाहेब दुकानात आल्या. “अहो, मले बी लावून द्या ना तशी नखं.”

साहेब ओरडलेच, “वेडी झाली काय! विषारी असते ते!”

माझ्या हातातली कणीक हातातच गोठली. असा राग आयुष्यात कमी वेळा आला. गोपाळाला गाठून सांगितलं, “बायकोले नाई म्हनते, आन् तुले लावते! काढून फेक बाप्पा. बोटं गेली त बांधीत काय करशीन?”

तो बोटं चोळत म्हणाला, “नाटक कंपनीवाल्यानं सांगून ठेवलं भाऊ. नखं गेली त राणीचं काम दुसऱ्याले.”

*

त्या हंगामाचा शेवटचा खेळ. सेनापती राणीला हात धरून ओढतो, असा प्रवेश. ओढताना गोपाळाचं नख सेनापतीच्या जरीच्या अंगरख्यात अडकलं. मसाला पक्का, तो कसला तुटतो! खालचं खरं नखच त्याच्यासंगं उपटून आलं.

गोपाळा असा किंचाळला, की मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

पहिल्या रांगेत आमचे साहेब उठून उभे राहिले. टाळ्या वाजवत ओरडले,

“वन्स मोअर!”