दत्तूचा उजवा कान

गुलाबाची तोड उरकून आम्ही मळ्यात जुड्या बांधत बसलो होतो, तेव्हा सुमन वहिनीचा फोन आला. एरवी त्या घरातून फोन यायचा तो तिच्या नवऱ्याचा, दत्तूचा. "किसनभाऊ, हे उठतच नाहीत," एवढंच वहिनी म्हणाली. हातातली जुडी तशीच खाली ठेवली आणि मुलाच्या, संजयच्या, मोटरसायकलवर मागे बसून मखमलाबादहून गंगापूर रोडला त्यांच्या घरी पोचलो. दत्तू कुशीवर निजलेला. गालाखाली तळहात, चेहरा असा की आत्ता उठेल आणि म्हणेल, आलास का सकाळी सकाळी भांडायला... डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला. आदल्या दिवशी रविवार होता, म्हणजे आमची मिसळ झाली होती. त्याने दोनदा तर्री मागून घेतली होती आणि माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. देवाकडे मागून घ्यावं असं मरण. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण दत्तूला रडकी तोंडं आवडत नव्हती. म्हणून मला जे आठवतं ते हसूनच लिहिणार आहे. हात माझा, अक्षर माझं. नातीने फक्त वेलांट्या बघितल्या, मजकुराला हात लावू दिला नाही.

आम्ही दोघं गावच्या शाळेत एका पट्टीवर बसायचो. चौथीनंतर मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, मी शाळा सोडली. कोणी काढलं नाही, मी सोडली. दत्तू शिकत गेला. आधी एक्स-रे काढायच्या खोलीत नोकरीला लागला, मग मेंदूचे फोटो काढणाऱ्या मोठ्या मशीनवर गेला, आणि पुढे त्या फोटोंचं कॉम्प्युटरवरचं काम करू लागला. रिटायर झाल्यावरही पुण्याची एक संस्था त्याला सोडेना. म्हाताऱ्या माणसांची आठवण कशी जाते, का जाते, याचा तिथे अभ्यास चालायचा. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या मेंदूचे फोटो दत्तूच्या घरी कॉम्प्युटरवर यायचे. खोलीत दोन पडदे, आणि दोन्हींवर कायम कोणाचं ना कोणाचं डोकं. मी गेलो की विचारायचो, "आज कोणाला बसवलंय?" तो म्हणायचा, "बस गप. हा उलटा आलाय, याला आधी सुलटा करू दे."

काम काय ते मला त्याने काकडीवर समजावलं होतं. मशीन डोक्याचे काप काढतं, चकत्यांसारखे. कॉम्प्युटर त्या चकत्या पुन्हा एकावर एक रचून डोकं उभं करतो. पण एका गावचं मशीन चकत्या खालून वर मोजतं, दुसरं वरून खाली. कोणाचं डोकं हनुवटी वर करून येतं, कोणाचं पार उलटं टांगलेलं, आणि कोणाची उजवी बाजू डावीकडे गेलेली. ते सरळ झालं की खरं काम सुरू. एकाच माणसाचं गेल्या वर्षीचं डोकं आणि या वर्षीचं डोकं बरोबर एकावर एक बसवायचं. याला तो जुळवणी म्हणायचा. केसभर जरी सरकलं तरी कॉम्प्युटर सांगतो, मेंदू आक्रसला, नाहीतर अमुक ठिकाणी काहीतरी वाढलं. वाढलेलं काही नसतं, बसवणाऱ्याचा हात हललेला असतो.

वर खाली झालं तर आंधळ्यालाही कळतं, दत्तू सांगायचा, पण उजवं डावं उलटलं तर भल्याभल्यांना कळत नाही, कारण मेंदूचे दोन्ही अर्धे वरवर सारखेच दिसतात. म्हणून त्याचा एक नियम होता, आधी उजवा कान. उजवा कान कुठला ते कळल्याशिवाय पुढे कशालाच हात लावायचा नाही. रस्त्यावर कोणी सीबीएस बसस्टँडचा रस्ता विचारला तरी हा आधी विचारायचा, "आत्ता तुमचं तोंड कुठं आहे?" लोक वैतागून दुसऱ्याला विचारायचे. हाच नियम पक्का करायला त्याने एक युक्ती ठरवून दिली होती. फोटोआधी माणसाच्या उजव्या कानाजवळ चिकटपट्टीने माशाच्या तेलाची गोळी लावायची, ती पिवळी, आरपार दिसणारी. फोटोत ती पांढऱ्या ठिपक्यासारखी उमटते. ठिपका ज्या बाजूला, ती बाजू उजवी.

पुढे त्याला अभ्यासासाठी म्हातारी डोकी कमी पडायला लागली, तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली. मी म्हटलं, "माझ्या गळ्यात माळ हाय. माशाचं तेल डोक्याला लावून घेणार नाय." तर म्हणतो, "किसन्या, चिकटवायचीय, खायची नाय. आणि त्या माशाने तुझी परवानगी मागितली नव्हती." गेलो. त्या नळीत पडलो, खडखडाट ऐकला, परत आलो. फोटोत माझ्या डोक्यात उजव्या बाजूला सुपारीएवढी एक गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, साधी आहे, बहुतेक पुष्कळ वर्षांची असेल, वर्षाने पुन्हा बघू. मला गाठीचं काही वाटलं नाही, फोटोचं वाटलं. त्यात गोळीचा ठिपका डावीकडे होता.

"दत्तू, उलटा फोटो काढलास."

"सरळच आहे. डॉक्टर लोक पायाकडे उभं राहून तुझ्याकडे बघतात. समोर उभं राहिलं की तुझा उजवा कान त्यांच्या डाव्या हाताला येणारच."

"मग त्यांना सांग माझ्या डोक्याकडे उभं राहायला. डोकं माझं हाय."

हे भांडण त्या दिवशी सुरू झालं ते शेवटच्या मिसळीपर्यंत चाललं. मी हरलो नाही. तोही हरला नाही.

वर्षाने दुसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा दत्तू लेकीकडे गेलेला. मशीनवरचा माणूस नवा. तो गोळी घेऊन उजवीकडे आला, तसा मी त्याला थांबवलं. म्हटलं, "इकडे नाय, डाव्या बाजूला. मागचा फोटो मी डोळ्यांनी बघितलाय, ठिपका डावीकडे हाय. जिथे होती तिथेच पाहिजे, नाहीतर जुळवणी व्हायची नाय." जुळवणी शब्द ऐकून तो बिचारा दबला. आणि माझा आवाजही तसा आहे. गोळी मीच त्याच्या हातून घेऊन डाव्या कानाजवळ लावली.

थोड्या दिवसांनी पुण्याहून संजयला फोन आला. जुनी गाठ दिसत नाही, पण डाव्या बाजूला नवी आली आहे, आणि वर्षात एवढी वाढ चांगली नाही. लवकर मोठ्या डॉक्टरांना दाखवा, बहुतेक डोकं उघडावं लागेल. घरात चूल थंड. संजयने मुंबईच्या हॉस्पिटलचा नंबरही लावून टाकला. मी सगळ्यांना बजावलं, माझ्या डोक्याला कोणी हात लावायचा नाही, आहे तसं वर घेऊन जाईन. तोंडाने म्हणालो. पण गुलाब छाटताना कात्री मध्येच थांबायची. डोकं उघडल्यावर मी मीच राहीन का, की मुलांची नावं विसरणारा एखादा वेगळाच म्हातारा घरी येईल... हे मी कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखा एकच माणूस होता आणि तो लेकीकडे होता.

त्याला कळलं तसा तो पुढच्याच गाडीने परत आला. सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर दोन्ही पडद्यांवर मीच. डावीकडे मागच्या वर्षीचा, उजवीकडे या वर्षीचा. दत्तू खुर्चीत मागे रेलून बघत होता. मला म्हणाला, "एक गाठ दिसेनाशी झाली आणि अगदी तेवढीच, तशीच दुसऱ्या बाजूला उगवली. गाठ काय सासर-माहेर करते का रे?" मग एकदम उठला आणि माझ्या कपाळावर अंगठा ठेवला. डाव्या भुवईच्या वर माझ्या हाडाला खळगा आहे. तिसरीत असताना दत्तूने टोलवलेली विटी तिथे लागली होती, रक्ताने सदरा भिजला होता. अंगठा तिथेच ठेवून तो पडद्याकडे बघत राहिला. मागच्या वर्षीच्या फोटोत खळगा डाव्या भुवईवर. या वर्षीच्या फोटोत उजव्या.

"गाठ जाईल इकडून तिकडे," दत्तू म्हणाला, "पण ही खोक माझ्या हातची आहे. ही हलायची नाही. किसन्या, गोळी कोणी लावली?"

"मी."

"कुठल्या बाजूला?"

"फोटोत होती त्या बाजूला."

 दत्तू जो हसायला लागला तो खुर्चीला धरून खाली बसला. वहिनी पोह्यांची ताटली घेऊन धावत आली, तिला वाटलं याला काही झालं. पुण्याच्या संस्थेत फोटो तपासणाऱ्या मुलीने गोळी डाव्या कानाजवळ बघितली, त्यावरून फोटो उलटा आलाय असं धरलं, आणि नियमाप्रमाणे सरळ करायला म्हणून उलटवला. सरळ फोटो तिने माझ्या भरवशावर उलटा केला. त्याने लगेच तिला फोन लावला. "बाई, तुझं काही चुकलं नाही. गोळी खोटं बोलली. गोळी लावणारा इथे बसून पोहे खातोय." मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. जिथे बघितली तिथे लावली.

फोटो पुन्हा पालटला तरी जुळवणी बसेना. फुलांच्या पाट्या वाहून वाहून माझी मान एका बाजूला कललेली, आणि नळीत मी ती कोणाला सरळ करू दिली नव्हती. त्यात या वेळच्या फोटोत मान, हनुवटी सगळंच आलेलं. कॉम्प्युटर डोकं सोडून मानेला मान जुळवायला बघायचा आणि तिथेच अडकून बसायचा. फरक असेल तिथे पडद्यावर लाल रंग येतो. तो माझ्या कवटीभोवती एका बाजूने सगळीकडे आला. दत्तू म्हणाला, "गाठ वाढली म्हणे. तुझी तर कवटीपण वाढलेली दिसतेय. डोकं मोठं झालंय हे गावाला माहीत होतं, आता कॉम्प्युटरलाही कळलं." मग त्याने मानेचा भाग कापून बाजूला केला आणि दोन्ही डोकी नुसत्या हाताने, हळूहळू वळवत, जवळजवळ एकावर एक आणली. मला म्हणाला, लांब असलेल्यांना कॉम्प्युटर कधी जुळवत नाही, भलतीकडेच नेऊन बसवतो. आधी आपण हाताने जवळ आणायचं, मग त्याला म्हणायचं, आता तू बघ.

ताटलीतले उरलेले पोहे गार झाले. कोणी खाल्ले नाहीत. पडद्यावरचा लाल रंग आधी पातळ झाला, मग कडेकडेने विरला. शेवटी सगळं राखाडी. उजव्या बाजूला सुपारी होती तेवढीच, होती तिथेच. दत्तूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "जा, गुलाब छाट." दोन्ही फोटो त्याने पुण्याच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांनी बघून सांगितलं, मुंबईचा नंबर रद्द करा. त्यानंतर त्या संस्थेत गोळीबरोबर माणसाची एखादी जुनी खूणही लिहून घेतात. तिथे त्या रकान्याला माझं नाव पडलंय असं दत्तू सांगायचा. खरं खोटं त्याला माहीत.

आता तो नाही. गंगेवर दहावा झाला, तेरावं झालं. बैठकीत त्याचा मोठा फोटो लावलाय, हार घातलेला. मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. पहिल्या दिवसापासून तो फोटो मला खटकत होता. वहिनी समोर बसून त्याच्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. मला वाटलं, दुःख आहे, बघवत नसेल. मग एका संध्याकाळी माझं लक्ष त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेलं. नेहमी डाव्या छातीवर असतो तो खिसा त्याच्या उजव्या छातीवर. भांगही उजवीकडे, आणि गालावरचा तीळ भलत्याच गालावर. मोबाईलने स्वतःचा स्वतः काढलेला फोटो, तो उलटाच निघतो, आणि स्टुडिओवाल्याने तसाच मोठा करून दिला. मी वहिनीला दाखवलं. तिने उठून जवळ जाऊन खिशावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "किसनभाऊ, मला वाटत होतं मी यांचा चेहरा विसरायला लागले... रोज बघायचे आणि वाटायचं, हे ते नाहीत."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो. तो म्हणाला, "बाबा, एवढं कोणाला कळतंय?" मी म्हटलं, "बायकोला कळतं. पालटून दे." दुकानातून हललो नाही. नवा फोटो भिंतीवर चढला तेव्हा वहिनी समोर बसली आणि बसूनच राहिली. चहाही तिथेच मागवला.

निघताना तिने कपाटातून एक बाटली आणून दिली. दत्तूच्या उरलेल्या गोळ्या, पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या. म्हणाली, याचं काय करू. मी एक गोळी काढली, चिकटपट्टी मागितली आणि फोटोसमोर उभा राहिलो. दत्तू बघत होता. या वेळी मी वाद घातला नाही. गोळी त्याच्या उजव्या कानाजवळ काचेवर लावली. माझ्या डाव्या हाताला.