रोज बराबर साठ

काळजी नावाची जी काही चीज जगात आहे, तिचा वसमतमधला सगळा साठा आमच्या थोरल्या साडूंच्या घरात आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, निवृत्त कारकून. एसटीच्या तासभर आधी स्टँडवर जाणार आणि गाडी वेळेवर आली तर "इतकी बराबर कशी आली? काहीतरी गडबड हाय," म्हणून चढायला कचरणार. कुकरची शिट्टी, गेलेली लाईट, पाहुण्याची आंघोळ, सगळं मोजणार. एकदा मी त्यांच्या न्हाणीघरात जरा रेंगाळलो, तर दारावर थाप. "अकरा मिनिटं झाली! चक्कर-बिक्कर तं न्हाई आली?"

मोजायचं हत्यार म्हणजे मनगटावरचं जपानी घड्याळ. जावयाला लग्नात घड्याळ द्यायची आमच्याकडे रीत. सासऱ्यांनी थोरल्या जावयासाठी ते कुवेतच्या दोस्ताकडून मागवलेलं. माझी पाळी येईपर्यंत दोस्त कायमचा परत आला होता, मला भिंतीवरचं मिळालं. अजून राग आहे, खोटं कशाला बोलू! तपकिरी तबकडी, आणि चावी व स्टॉपवॉचची दोन बटणं बाजूला नव्हे, तर वर बाराच्या डोक्यावर, खोंडाला शिंगं फुटावीत तशी. बघणारा हमखास विचारायचा, "काका, उलटं बसवलं का?" एक बटण दाबलं की लाल काटा पळायचा, पुन्हा दाबलं की थांबायचा, दुसरं दाबलं की गुमान शून्यावर.

पाच वर्षांपूर्वी आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हृदयाचा त्रास झाला. डॉक्टर सहज म्हणाले, अधूनमधून नाडी बघत जा. अधूनमधून! साडू रोज सकाळी सातला आक्कांचं मनगट धरू लागले. लाल काट्याचा एक फेरा, की आकडा मला हिंगोलीला फोनवर. "काल अडुसष्ट व्हते, आज बहात्तर. चार काहून वाढले?" दुसऱ्या दिवशी सत्तर. "दोन कुठं गेले?" मी म्हटलं, मोबाईलमध्ये सेकंद दिसतात की. "अन् मधीच कुनाचा फोन आला तं?" कपाळ माझं!

या उन्हाळ्यात लाल काटा जागचा हलेना. माणूस पार हादरला. हिंगोलीला आले, म्हाताऱ्या घड्याळवाल्या चाचांसमोर घड्याळ दोन्ही हातांनी अलगद ठेवलं. "चाचा, घरातलं माणूस हाय समजा." ते परतले आणि रोज चाचांकडे खेप घालायचं माझ्या गळ्यात पडलं. आठव्या दिवशी चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "साब, टाइम बराबर बताएगा. लाल काटा नै चलता. अंदर का चाक घिस गया, अब मिलता बी नै."

हे साडूंना सांगायचं कसं? पण नवल म्हणजे, फोनवर तर आनंदीआनंद. "आज बी साठ! ना एक कमी, ना एक जास्ती!" मला धडकी भरली. घड्याळ इथं, मग हे मोजतात कशानं? आणि कुणाची नाडी रोज नेमकी साठ येते? दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून सातच्या आत वसमत गाठलं.

आक्का खुर्चीत बसून, सेकंदाला एक या बेतानं, मोठ्यानं साठपर्यंत अंक म्हणत होत्या. साडू डोळे मिटून, मनगट धरून, पुटपुटत ठोके मोजत होते. दहापर्यंत त्यांचे अंक वेगळे होते. पंधराच्या आसपास ते आक्कांच्या अंकांत जाऊन मिसळले आणि दोघं जोडीनं साठावर पोचले. "साठ!" साडू मला बघून हरखले आणि चहासाठी दूध आणायला गेले.

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "म्हाइत हाय मला. दर म्हैन्याला सूनबाईसंगं डॉक्टरकडं जाऊन येते, ठीक हाय समदं. पन पाच वर्सांत हा माणूस आत्ता कुठं निवांत झोपून राहिला. न्हाई तं झोपेत बी माझं मनगट चाचपत व्हता. तुमी काई बोलू नका."

साडू दूध घेऊन आले. "घड्याळ झालं का?"

घड्याळ माझ्या खिशातच होतं. "चाचा म्हणतात, अजून आठेक दिवस लागतील," मी म्हणालो.

त्याला आता चार महिने झाले. घड्याळ माझ्या कपाटात आहे, साडूंनी विचारलं की माझं "अजून आठेक दिवस" ठरलेलं. रोज सकाळी त्याला चावी देतो आणि फोनपाशी बसतो. सात वाजून दोन मिनिटांनी "साठ!" ऐकलं की मग चहा घेतो. परवा फोन सव्वासातला आला. नळाला पाणी आलं होतं म्हणे. त्या तेरा मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.