मंदाताईंची बिनचढाची वाट

मंदाताई खोटं बोलायच्या आधी चष्मा काढून पदराने पुसायच्या. लालबागच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी सगळे फसायचे. एकदा त्यांनी आवाज बदलून खालच्या मजल्यावरच्या परबांना फोन लावला. "वॉर्ड ऑफिसातून बोलतोय. गच्चीत वाळत घातलेले पापड आजपासून जप्त होणार आहेत." आवाज पुरुषी, वर जरा सर्दी झालेला. परब भर उन्हात गच्चीवर धावले आणि सगळे पापड गोळा करून खाली आले. मग मंदाताईच त्यांच्यासोबत वर जाऊन ते पुन्हा पसरून आल्या. फोनवर चष्मा दिसत नाही, हे परबांना फार उशिरा सुचलं.

मंदाताईंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून झाली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "लाइन बिझी होती." निवृत्त झाल्यावर साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. लालबागच्या फुटपाथवर चालायचं म्हणजे मिरच्यांच्या पोत्यांना वळसे घालत शिंकत जायचं. त्यावर त्यांनी उपाय शोधला. कर्जतच्या पुढे एक धरण बांधताना दगड वाहायला छोटी रेल्वे टाकली होती. काम संपलं, रूळ उखडले, वाट उरली. महिन्यातून एका रविवारी त्या चाळीतल्या गुडघेदुखीवाल्या मंडळींना मिनीबसने तिथे न्यायच्या. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "इंजिनाक पण गुडघे असतंत गो. म्हणून ह्या वाटेक चढ नाय."

माझी आई आणि शेजारच्या कमलकाकू मात्र कधी गेल्या नव्हत्या, कारण एक येणार म्हटलं की दुसरी घरी राहायची. एका गणपतीत आई सहज बोलून गेली होती, "कमलचा वरचा सूर लागला की मखरातला उंदीर कान झाकतो." ते काकूंच्या कानावर गेलं. तेव्हापासून चार वर्षं अबोला. मधे एक भिंत. एकीच्या कुकरची शिट्टी दुसरी मोजायची, पण निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय." मी सांगेपर्यंत ते गेलेलं असायचं.

मग चाळ पाडायचं नक्की झालं. आम्ही विरारला जाणार होतो, काकू डोंबिवलीला. आई सामान बांधताना भिंतीकडे बघत बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, "पोपडे किती आलेत बघ." मंदाताईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "रविवारी चल मालती. कमल काय येणा नाय." तिथून उठून पलीकडे गेल्या. भिंतीतून मला शब्द कळले नाहीत, पण चष्मा पुन्हा पुसला गेला असणार.

मिनीबसमध्ये दोघी समोरासमोर आल्या. आई उठली, तोवर गाडी सुटली होती.

जानेवारीचं ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मधे वालाची हिरवी शेतं, आणि त्यांतून जाणारा मातीचा सरळ, सपाट बांध. दहा-बारा जणांत आई सगळ्यात पुढे, काकू सगळ्यात मागे. ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडला तरी अंतर तेवढंच. पुढे वाट डोंगरात शिरत होती. तिथे एक बोगदा होता, आखूड पण मधे वळलेला, त्यामुळे आत पार काळोख.

"मोबाईलची बॅटरी कोणी लावूक नाय," मंदाताई म्हणाल्या. "वटवाघळां आंगावर येतंत. माझी टॉर्च बस झाली. जोडीने हात धरा." जोड्याही त्यांनीच लावल्या. माझी परबांशी, आईची काकूंशी. वळणावर पोचल्यावर टॉर्च विझली. "सेल गेले वाटतं," मंदाताई म्हणाल्या, आणि त्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता.

आम्ही चाचपडत बाहेर आलो. आई आणि काकू आल्या नाहीत.

मंदाताई आधी हसल्या. "बोलतंत मगे." थोडा वेळ गेला. त्यांनी हाक मारली, आतून नुसता प्रतिध्वनी आला. त्यांचा चेहरा उतरला. टॉर्च पटकन पेटली, आणि साठी उलटलेली ती बाई जवळजवळ पळत आत गेली. मी मागोमाग. "मालती... कमल..." हाकेहाकेला आवाज चिरकत गेला. मंदाताईंचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

बोगद्याच्या भिंतीत गाडी आली तर माणसाला उभं राहायला कोनाडा ठेवलेला असतो. त्यात आई आणि काकू एकमेकींना चिकटून, तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. अंधारात काकू म्हणाल्या होत्या, "बघून पाय टाक." आई म्हणाली होती, "दिसत नाही तर बघू कशी?" मग दोघींना हसू आलं, आणि हसता हसता हा बेत शिजला.

मंदाताई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "मेल्यांनो, मी तुमका जोडूक बघतंय, नि तुम्ही माकाच मारूक निघालात?" आई आणि काकू दोन्हीकडून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

परतताना मी विचारलं, "एवढा खटाटोप कशाला केलात?" त्या म्हणाल्या, "अरे, माझा कामच ता. दोघांका जोडून दिया आणि बाजूक व्हा. मधे ऐकूक परवानगी नाय."

"आणि तुम्ही ऐकायचा नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "कध्धीच नाय."

चाळ गेली. मंदाताई परळला भाच्याकडे राहायला गेल्या आणि गेल्या वर्षी झोपेतच वारल्या. आई विरारहून आली, काकू डोंबिवलीहून. दोघी खूप रडल्या. तेराव्याला जेवणं उरकल्यावर आई म्हणाली, "मंदाचा माझ्यावर जास्त जीव होता." काकू म्हणाल्या, "माझ्यावर." तिथेच वाजलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई फोन लावते, आणि तासभर तरी ते चालतं.