नावाची बाजू वर

गोजराबाई आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर फुलं विकते. गंगापूर रोडला इतकी नवी दुकानं झाली, पण ही तिथंच, सोसायटीच्या नावाच्या पाटीला पाठ टेकून. गजरा हातावर मोजून देते आणि मोजताना कोपर आखडून घेते. मी अनेकदा पकडलं आहे. म्हणते, "बाई, देवानं माझा हातच आखूड केला, त्याला मी काय करू?" लबाड आहे, तोंडाळ आहे. तरी फुलं मी तिच्याकडूनच घेते. कारण ती शिळी फुलं देत नाही.

तिचं माहेर सायखेड्याचं. बाप गेल्यावर भाऊ खंडेराव गाडी घेऊन आला, तहसीलला नेऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घेतली, येताना साडी घेतली आणि थोडे पैसे हातावर ठेवले. सही का केलीस, असं मी विचारलं तेव्हा ती चिडली होती. "भावाशी भांडून माहेर राहतं का बाई? तुमच्यात राहत असंल." ते पैसे तिनं बँकेत मुदत ठेवीत टाकले. नवऱ्याच्या आजारपणातही मोडले नाहीत. माहेरचं आहे म्हणून.

मग बँकेतला एक तरतरीत मुलगा त्यांच्या गल्लीत आला. ठेव जागेवर राहील, तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मिळेल, म्हणाला. गोजराबाईनं लगेच होकार दिला. तिच्या मुलाला, भारतला, गाडीचे हप्ते थकवले म्हणून बँकेनं कार्ड नाकारलं होतं. तो अंबडच्या कारखान्यात कामाला आहे. "त्याला नाय दिलं, मला दिलं," हे ती गिऱ्हाइकाला न विचारता सांगायची. त्या कार्डावर तिनं सुनेला मिक्सर आणला आणि बिल वेळेवर भरलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, अडाणी बाईला कार्ड हवंच कशाला. तिला ते नीट वापरता येत होतं.

चूक झाली ती लक्ष्मीपूजनाला. आपण पाटावर दागिने मांडतो, दुकानदार वह्या मांडतो, हिनं कार्ड मांडलं. हल्लीच्या कार्डांना पुढे नुसती नक्षी असते. नंबर, मुदत, ते गुप्त तीन आकडे आणि मालकाचं नाव, सगळं मागे. गोजराबाईनं मागची बाजू वर ठेवली. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याचं नाव, शेताच्या उताऱ्यावर भावाचं. हिचं नाव छापलेली ही पहिलीच वस्तू. देवीला ते दिसायला नको? हळदीकुंकवाची दोन बोटं लावली, तीही नाव झाकू नये म्हणून कडेला. नातीनं, वेदिकानं, फोटो काढला आणि आजीच्याच फोनवरून माहेरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'सायखेडा परिवार'. वहिनीनं हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला मी झेंडू आणायला खाली उतरले, तर बाईसाहेब खुशीत.

"बाई, बँकेचा फोन आलता आत्ता. काय बोलतो पोरगा! माझा सगळा नंबर घडाघडा त्यानंच सांगितला. वर म्हणतो, मावशी, कार्डाला कुंकू लावलं ना, त्यानं आतली चिप बिघडली. मी म्हणलं, बँकेला माझ्या कुंकवाची पण खबर!"

"तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगायचं? फोनवर नंबर आलता तेवढा वाचून दाखवला. कार्ड चालू ऱ्हायाला लागतो म्हणे."

मी फोन हिसकावून घेतला. ओटीपीखाली खरेदीचा संदेश होता. कार्डाची मर्यादा एका फटक्यात साफ.

बँक फोन करून ओटीपी विचारत नाही. पाडव्याला नाही, एरवीही नाही. आणि आपला नंबर समोरच्याला पाठ आहे एवढ्यावरून तो बँकेचा ठरत नाही. त्यानं तो कुठून तरी मिळवला, इतकाच त्याचा अर्थ. शिकलेली माणसंसुद्धा इथंच फसतात. मी आधी कार्ड बंद करायला लावलं, मग सायबर तक्रारीचा १९३० लावून फोन तिच्या हातात दिला. "लगेच सांगितलं तर पैसे वाटेत अडवता येतात. बोल, काय झालं ते सगळं सांग."

पलीकडून एक मुलगी विचारत होती, काय म्हणाला तो, शेवटी काय म्हणाला. गोजराबाई सांगायला लागली. "मावशी मावशी करत व्हता. ठेवताना म्हणाला, थँक्यू आत्या."

आणि थांबली.

अनोळखी बाईला कुणी आत्या म्हणत नाही. मावशी म्हणेल, काकू म्हणेल. आत्या म्हणतो तो भावाचा मुलगा. तिला एकच भाचा आहे, महेश. तोही त्या ग्रुपवर. फोनवर त्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

तिनं फोन बंद केला. मी पुन्हा लावला, तर हात धरला माझा.

"ऱ्हाऊ द्या."

"अगं मूर्ख बाई, प्रत्येक मिनिटाला पैसे लांब चाललेत!"

"उद्या भाऊबीज हाय, बाई. पोलीस दारात गेले तर भाऊ येईल का माझ्या?"

मी बोलायचं ते सगळं बोलले. भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर. ती झेंडू तोलत राहिली.

भाऊबीजेला बापलेक दोघं आले. पुढचं मला तिनंच सांगितलं. महेशनं पुरणपोळी मागून घेतली, आत्याच्या पाया पडला. त्याला ओवाळलं, मग खंडेरावला ओवाळलं आणि ताट हातात असतानाच तिनं हळूच भावाला सगळं सांगितलं. तो दचकला नाही. म्हणाला, "पोराचं लगीन ठरतंय, गवगवा करू नको. आन् ते पैसे कोन्ते? आपल्याच जमिनीचे ना? घरातलं घरात ऱ्हायलं."

ताटात शंभराची नोट टाकून गेला.

बँकेनं ठेव मोडून बिल वळतं केलं. उरलं ते सांगण्यासारखं नव्हतं. भारतला तिनं सांगितलं, कुणीतरी परका होता. मग त्यानं आईला काय काय म्हणायचं ते म्हटलं. आईचा फोन काढून मुलीच्या हातात दिला, "हिला तुझ्यापेक्षा अक्कल हाय." सून सुवर्णा भाजीला पैसे देताना विचारायची, "आई, कोणाचा फोन तर नाय ना आला?" गणपती मंडळात बँकेची माणसं सावधगिरीचे चार शब्द सांगायला आली, तेव्हा गल्लीनं बोट दाखवलं, ही बघा. तीही हसली. काय करणार?

महेशचं लग्न झालं. आत्याला पत्रिका आली नाही. सायखेड्यात वहिनी सांगत होती, नणंदेचं डोकं फिरलंय, पोरावर आळ घेते. मला विचाराल तर, ज्याचं खाल्लं त्याचं तोंड बघवत नाही, दुसरं काय.

यंदा भाऊबीजेला मी तिच्याकडे गेले. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. पुरण शिजवलेलं. दुपार गेली. खंडेराव आला नाही, महेश आला नाही, फोनही नाही. दिवस मावळल्यावर ती ताट घेऊन अंगणात आली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर ती, घटकाभर दिसते आणि मावळते. समोरच्या इमारतीच्या टाकीशेजारी टेकली होती.

"भाऊ जिवंत आहे तुझा," मी म्हटलं.

"हाय ना. सुखात हाय," ती म्हणाली आणि ओवाळायला लागली.

वेदिकानं फोन वर केला. गोजराबाईनं एका हातानं ताट सावरत दुसरा हात फोनवर आडवा धरला. "फोटू नको. तिकडं जातो."

"जात नाही गं आजी," पोरगी म्हणाली. "ग्रुपमधून काढलंय आपल्याला. कधीचंच."