चांगुणाबाईच्या माहेरच्या गाड्या

चांगुणाबाई मुळात भांडकुदळ बाई. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बिचारी गरीब गाय होती. गाय नव्हती. शेजाऱ्याची शेळी बांध ओलांडून आली तर शेळीला आणि शेजाऱ्याला एकाच दमात झोडपणारी बाई. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून, भाताच्या मुलखातून ती इकडं सोनईच्या अंगाला, सपाट उसाच्या मुलखात नांदायला आली, तेव्हा सासूनं आठवडाभरात निकाल देऊन टाकला होता, "डोंगरातली हाय, वळायची न्हाई." आणि ती वळलीही नाही. अशा बाईला कॉलेजच्या पोरांनी गुंडाळून ठेवलं.

तिचं घर कॉलेजच्या गेटासमोर, रस्ता ओलांडला की. घर आधीचं, कॉलेज नंतरचं. कॉलेजला पुढं लांबलचक भिंत, आणि हिच्या घराला पुढं भिंतच नाही, नुसतं ऐसपैस अंगण. एका कडेला शेळ्यांचा खुंटा, दुसऱ्या कडेला कडब्याची गंजी, मधे मोकळं. नवरा गोरक्ष साखर कारखान्यात पाळीवर जायचा. घरी असला की झोपायचा, जागा असला की टोमणे मारायचा.

मागच्या जूनमध्ये कॉलेजात नवा नियम निघाला. आत गाड्यांची जत्रा भरायला लागली होती, पोरं वर्गाच्या पायरीला गाडी टेकवायची. मग ठरलं की गाडीला स्टिकर असेल तरच आत. स्टिकर पाहिजे तर लायसन दाखवा, विमा दाखवा, धुराची पावती दाखवा, हेल्मेट दाखवा, आणि गाडी स्वतःच्या नाहीतर आईबापाच्या नावावर असल्याचं दाखवा. बाकीचं एक वेळ जमतं. पण खेड्यातली गाडी नावावर कुणाच्या असते, ते गाडीलाही ठाऊक नसतं. चुलत्याच्या मेव्हण्याकडून घेतलेली, त्यानं ती श्रीगोंद्याच्या कुणाकडून उचललेली, आणि कागदावर ज्याचं नाव तो सुरतेला जाऊन बसलेला. गाडी सगळी भावकी पळवते, पण मालक विचारला की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. अर्ध्या कॉलेजला स्टिकर मिळालं नाही.

गेटावर कानिफनाथ. नात्यानं गोरक्षचा लांबचा भाऊ, पण पोरं त्याला मामा म्हणायची. कॉलेजातल्या शिपायाला, वॉचमनला सगळेच मामा म्हणतात.

"मामा, आजच्या दिवस सोडा की."

"मामा तुझ्या आईचा भाऊ. त्याच्या दारात लाव जा."

त्याच्या डोक्यावर कॅमेरा होता. आधीच्या वॉचमननं भाच्यांना आत सोडलं आणि महिना भरायच्या आत तो घरी बसला. तेव्हापासून कानिफनाथ सख्ख्या पोरालाही स्टिकर विचारायचा.

पहिल्यांदा हर्षल नावाचं पोरगं चांगुणाबाईच्या अंगणात आलं. गाडी चालू ठेवूनच म्हणालं, "मावशी, तासभर लावू का?"

"का? माझं अंगन म्हंजे यष्टी स्टँड हाय का? चल, काढ."

पोरगं हुशार. गाडी बंद केली, खाली उतरलं. "मावशी, तुमी इकडच्या वाटत न्हाई. बोलनं येगळंच हाय. कुठल्या तुमी?"

"अकोल्याकडची. डोंगरातली."

"काय सांगता! माझी आजी तिकडचीच की!"

बाई गार. इतक्या वर्षांत या रस्त्यानं तिच्या माहेरचं माणूस कधी सहज गेलेलं नव्हतं. कसं जाणार? तिथून इथं यायचं म्हणजे जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. आणि माहेरच्या माणसाला बाई दारातून परत लावत नाही. लावलं तर रात्री तिच्याच घशाखाली घास उतरत नाही. तिनं पोराला पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला.

"आन तुमच्या आजीच्या गावात भाताची आवनी कधी उरकती रं?"

"आवनी... दिवाळीला, मावशी."

दिवाळीला भात कापायला येतो. तो चिखलात लावायचा भर पावसात. चांगुणाबाईनं ते ऐकलं, त्या पोराच्या तोंडाकडं एकदा बघितलं, आणि म्हणाली, "लाव गाडी. सावलीला लाव."

हीच तिची चूक. दुसऱ्या दिवशी तिघं आले, तिघांच्याही आज्या तिकडच्या. आठवड्यात अंगण भरलं. कुणाची आई तिकडची, कुणाची आत्या तिकडं दिलेली, एकजण तर म्हणाला, "आमचं कुलदैवतच तिकडचं हाय." डोंगरातल्या एवढ्याशा गावानं अर्धा तालुका जन्माला घातला. तिला कळत नव्हतं असं नाही. पण एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? वाळवण स्लॅबवर गेलं, शेळ्या मागच्या दारी गेल्या. कडब्याच्या गंजीमागं तर एक पांढरी स्कूटर सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहायची. तिचा मालक बाईनं कधी पाहिलाच नाही.

गोरक्ष पाळीवरून आला की सायकल डोक्यावर घेऊन घरात शिरायचा. "माहेर लई मोठं हाय बाबा तुझं. लग्नात तर पंगतीला मानसं नव्हती."

"गप बसा. पोरं हायेत. शिकत्यात."

"शिकत्यात, आन आपुन गोठ्यातनं घरात जातोय."

दिवाळी उलटली, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, आणि एका बुधवारी तिच्या थोरल्या भावाचा, तुळशीरामचा फोन आला. भावाला मागं लकवा मारला होता. उजवं अंग गेलेलं. तेव्हा ती जाऊन बघून आली, नंतर जमलं नाही. आणि तिच्या या घरावर नवा स्लॅब टाकला, त्यानंतर भावाचा पाय घराला लागलाच नव्हता. तिनं ते मनाला लावून घेतलं होतं, पण बोलायची नाही.

"चांगे, शनवारी गावची जीप शिंगनापूरला चाललीय. मला बी घेतो म्हनत्यात. तुझं घर वाटंवर पडतं. जीप दारात लागली तर दोघं धरून उतरवत्यात. लांबनं चालाय न्हाई जमायचं."

"दारात न्हाई तर कुठं लागंल? एवढं अंगन कशाला हाय?" असं म्हणत तिनं मागं वळून पाहिलं. गाडीला गाडी खेटून उभी होती. मधून मांजरही गेलं नसतं.

शुक्रवारी तिनं पोरं धरली. "उद्या माझा भाऊ येतोय. खरा भाऊ. एक गाडी दिसली तर हवा सोडीन."

हर्षल म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. ग्रुपवर टाकतो."

"टाक कुठं टाकायचं ते."

पोरांनी शब्द पाळला, हे मान्य केलं पाहिजे. शनिवारी त्यांची एकही गाडी आली नाही. सगळ्या त्यांनी मारुतीच्या देवळामागं नेऊन लावल्या. चांगुणाबाईनं पहाटे अंगण सारवलं, रांगोळी काढली, रस्त्याच्या तोंडाला बाज आडवी टाकली. आणि चुलीवर मासवडीचं बेसन चढवलं. भावाला मासवडी म्हणजे जीव की प्राण. बेसन घाटायला घेतलं की हात सोडता येत नाही, सोडला की गुठळ्या. ती घाटत असतानाच बाहेर स्टँडचे खटाखट आवाज व्हायला लागले.

"कोन हाय रं?" ती चुलीपासूनच ओरडली.

"मावशी, पेपर हाय!" चारदोन आवाज एकदम आले, आणि पळणारे पाय.

त्या दिवशी परीक्षा होती, आणि आजूबाजूच्या कॉलेजांचं सेंटर इथंच पडलं होतं. परगावची पोरं. त्यांना कानिफनाथनं गेटावरून माघारी फिरवलं, रस्त्याच्या दोन्ही बाजू भरून गेल्या होत्या, आणि समोर बघतात तर काय, स्वच्छ सारवलेलं, रिकामं अंगण. त्यांना वाटलं, सोयच केली आहे. ती बेसन उतरवून बाहेर आली तेव्हा बाज उचलून भिंतीला उभी करून ठेवलेली होती, शहाण्यासारखी. रांगोळीवरून चाकं गेली होती. अंगण भरलेलं, आणि त्यातली एकही गाडी तिच्या ओळखीची नाही. रोजची असती तर नावानं हाक मारून पोराला ओढून आणलं असतं. आता कुणाला हाक मारायची?

फोन वाजला. "चांगे, राहुरी सोडली."

तिनं पहिली गाडी धरून ओढली. हँडलला कुलूप. दुसरीला कुलूप. तिसरी हलली, ती तिच्याच अंगावर आली. गोरक्ष पहिल्या पाळीला गेलेला. ती पदर खोचून रस्ता ओलांडून गेटावर गेली.

"भावजी, चार गाड्या उचलू लागा. माझा भाऊ येतोय."

"वहिनी, गेट सोडलं तर माझं घर सुटंल." कानिफनाथनं डोळ्यानंच वरचा कॅमेरा दाखवला. "आपिसात जावा. पास देनारे क्षीरसागर साहेब हायेत."

नृसिंह क्षीरसागर म्हणजे मऊ माणूस. आजोबा पूजा सांगायचे, वडील शाळामास्तर, आणि हा कॉलेजात क्लार्क. स्टिकरचं काम त्याच्याच गळ्यात. त्यानं तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, पेपर चालू असताना हॉलमध्ये जाऊन कुणाला सांगता येत नाही. परीक्षेचा नियम आहे."

"मग माझ्या भावाची जीप तेवढी आत घ्या. गेटातनं माझ्या दारात धरून नेते मी त्याला. रस्ता तर ओलांडायचाय."

"पाहुण्यांच्या गाडीचा पास असतो. पण तो आदल्या दिवशी मोबाईलवरून काढायचा. गाडीचे कागद, ड्रायव्हरचं लायसन..."

"डायवर राहुरीच्या म्होरं हाय. कागद त्याच्यापाशी हायेत."

"तेच तर."

"बरं, मग ह्या पोरांना तरी सांगा. तुमच्या नियमानं माझं अंगन भरलंय."

"गेटाबाहेरचं आमच्याकडं येत नाही, मावशी." हे वाक्य त्यानं खाली मान घालून म्हटलं. मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत हळूच म्हणाला, "तुमच्या गंजीमागं पांढरी स्कूटर असते ना? ती माझी. आजही तिथंच आहे. वडिलांच्या नावावर आहे. ते गेले. भावाची सही पाहिजे, तो पुण्याहून येत नाही. मलाच स्टिकर नाही. तेवढी काढून घेतो. माझ्या हातात तेवढंच आहे."

दुसरा कुठला दिवस असता तर चांगुणाबाईनं त्याला उभा सोलला असता. आज नुसतं म्हणाली, "काढा. तेवढी तर तेवढी."

तो खरंच आला. शर्टाला कडबा लावून घेत स्कूटर बाहेर काढली आणि ढकलत रस्त्यापलीकडं नेली. तो पलीकडं पोचायच्या आत उशीर झालेलं एक पोरगं भर्रकन आलं, त्या फटीत बुलेट घातली, कुलूप लावलं आणि "मावशी, पेपर हाय!" म्हणत पळालं.

आणि तेवढ्यात जीप आली.

मागं उसाच्या ट्रॉल्या, पुढं ट्रॉल्या, मधे ती जीप. ड्रायव्हरनं अंगण बघितलं, रस्त्याच्या कडा बघितल्या, आणि जागा दिसली ती एकच. त्यानं जीप कॉलेजच्या गेटात घातली. कानिफनाथ आडवा झाला.

"स्टिकर?"

"कसलं इस्टिकर? पेशंट हाय गाडीत."

"दवाखाना न्हाई हा. मागं घ्या. भरारी पथक यायचंय, साहेब लोक हायेत."

ते खरंच आलं. पांढरी गाडी जीपला चिकटून उभी राहिली आणि हॉर्न वाजवायला लागली. तिच्यामागं ट्रॉलीवाला, त्याचा हॉर्न गाण्याचा. चांगुणाबाई धावत जाऊन जीपच्या खिडकीला लटकली. आत तुळशीराम दोन माणसांच्या मधे बसवलेला. गाल बसलेले, डोक्याला टोपी. दाराकडं सरकायला बघत होता, पण नुसतं अर्धं अंग सरकत होतं.

"उतरवा त्याला! मी धरते!"

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, उतरवायलाच वेळ लागतो. मागं बघा. अभिषेकाची बी येळ हाय."

"मग येताना थांबा."

"येताना नगरवरनं जायचंय. ह्यास्नीच दवाखान्यात दाखवायचंय."

तिनं खिडकीतून हात घालून भावाचा हात धरला. नेमका उजवा हाताशी आला, त्याला काही कळत नव्हतं. मग त्यानं डावा पुढं केला. त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडं गेली, स्लॅबच्या घराकडं, आणि घरापुढच्या त्या गाड्यांच्या रांगांकडं.

"लई पाव्हनं दिसत्यात गं तुझ्याकडं."

"व्हय दादा," चांगुणाबाई म्हणाली. "समदे माहेरचेच."

तो एका बाजूनं हसला. जीपमधल्या कुणीतरी तांदळाची गोणी मागच्या दारानं खाली टाकली, पांढऱ्या गाडीनं जागा दिली तशी ड्रायव्हरनं जीप मागं घेतली, आणि ट्रॉल्यांच्या मधे ती दिसेनाशी झाली. भरारी पथकाच्या गाडीला स्टिकर होतं का नव्हतं, ते कानिफनाथनं बघितलं नाही. गेट उघडून सलाम ठोकला.

पेपर सुटल्यावर पोरं आली आणि अंगण बघता बघता रिकामं झालं. सारवण उखडलेलं, त्यावर तेलाचे डाग. गोरक्ष पाळीवरून आला. टोपलंभर मासवडी बघितली, दारातली गोणी बघितली, बायकोचं तोंड बघितलं, आणि त्या दिवशी टोमणा मारला नाही.

सोमवारी सकाळी हर्षल आला. चुलीवर नव्या तांदळाचा भात रटरटत होता, वास रस्त्यापर्यंत आलेला.

"मावशी, पाव्हनं आलते का?"

"आलते."

"लई भारी वास येतोय. कसला भात?"

"तुझ्या आजीच्या गावचा."

पोरगं गाडीवरून उतरलं. पायानं उगाच माती उकरत राहिलं. मग म्हणालं, "मावशी, आजी कर्जतची हाय. ज्वारीच्या मुलखातली."

"म्हाईत हाय," चांगुणाबाई म्हणाली. चुलीतली काटकी तिनं आत सारली. मागं रस्त्यावर आणखी दोन गाड्या वळायच्या बेतात थांबल्या होत्या, पोरं हिच्याकडं बघत होती.

"लाव तिकडं. आन दारातनं जायाला वाट ठेव."