आपांनी बेतलेली बाग

जगात बागा पुष्कळ झाल्या असतील, पण माणसांची मापं घेऊन बाग बेतणारं माणूस मी एकच पाहिलं. लातूरच्या आमच्या इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या आपा. त्या बायकांचे कपडे शिवत. इमारतीत वरपासून खालपर्यंत बिऱ्हाडं आणि क्लाससाठी गावोगावहून आलेली पोरं खच्चून भरलेली. मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांसाठी बाग करायचं ठरलं, तसं आपांनी कोणी न सांगता ते काम ताब्यात घेतलं. "मापाबिगर झंपर होत न्हाई, बाग कशी हुईल?" असं म्हणून त्या गळ्यात टेप अडकवून उतरल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी विटांवर बसवलं आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत एकेक वीट काढत गेल्या. बाकाची उंची ठरली. क्लासची पोरं नाकासमोर पुस्तक धरून फेऱ्या मारत, म्हणून वाटेला कोपराच ठेवला नाही. मी सुचवलेला गुलाबही बाद केला. "पोरगं पुस्तकात बघून चालतंय. काट्याला काय ठाऊक त्याची परीक्षा हाय?" दोन झुडपांमधलं अंतर सोसायटीच्या अध्यक्षांच्या पोटावरून निघालं. ते माप आपांनी मोठ्यानं वाचलं आणि वर म्हणाल्या, "शिवणीत सोडतो तशी थोडी माया सोडते, अजून वाढायचं हाय."

मधली जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली. अध्यक्षांना तिथं पत्र्याची अभ्यासिका हवी होती, आणि मागणी काही वावगी नव्हती. आपा म्हणाल्या, "भूकंपात आमची गल्ली बाहेर पळाली, पण उभं राहायला जागाच न्हाई. पुन्हा भिंतीखालीच थांबलो. हितलं एवढं माणूस कुठं जाईल?"

"पण एवढ्यात सगळी मावतील का?" अध्यक्षांनी विचारलं.

"रविवारी उतरा समदे."

रविवारी सकाळी तान्ह्या लेकरांसकट सगळे उतरलो. आपा खडूनं भोवती रेघ ओढत गेल्या. सगळे आत मावलो. मी तर थक्क होऊन बघत होतो. मग लक्षात आलं की आपा स्वतः रेघेबाहेर, भिंतीला टेकून उभ्या आहेत.

"आपा, तुम्ही?"

"या अल्ला, माझं राहिलंच की," त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी पोट आत ओढून त्यांना जागा करून दिली. अभ्यासिकेचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं आपा नांदेडला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांच्यावाचून मला इमारत ओकीबोकी वाटते. परवा दुपारी जमीन जराशी हलली. कोणी कोणाला न सांगता सगळे मधल्या जागेत आले. तेवढ्यात आपांचा फोन.

"हितं बी हाललं. उतरलात का समदे? मावलात?"

"मावलो, आपा. तुम्ही कुठं उभ्या आहात? तिकडं मोकळी जागा आहे ना?"

"न्हाई रे, हितं खाली समद्या गाड्याच हायत," त्या म्हणाल्या, आणि आजींना धरून कोणी आणलं ते विचारू लागल्या.